कांदळपाड्याची ओळ

तुम्ही ऐकलं होतं.

चौकशीचे साहेब, तुमचं नाव मी लिहीत नाही. घाबरतो म्हणून नाही. तुमचं नाव तुम्हाला माहीत आहे, तेवढं पुरे. त्या दुपारी तुम्ही किनाऱ्यावर छत्री धरून उभे होतात. पाण्यातून तो माणूस काय ओरडला ते तुम्ही दोन्ही कानांनी ऐकलंत. आणि तरी एका मेलेल्या पोरीच्या माथ्यावर सगळं टाकून तुम्ही मोकळे झालात.

बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो... ही रचलेली गोष्ट नाही. माझी मामेबहीण तेजस्वी हिच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. अमावस्या होती, पण रात्र नव्हती. दुपार कलायला लागली होती. ऊन तरी असं की खडकावर पाय ठेववत नव्हता.

आगरदांड्याच्या आतल्या अंगाला खाडीवर कांदळपाडा म्हणून एक वाडी आहे. नकाशात शोधू नका, नाव बदललंय. काना-मात्रा मात्र जवळपास तेवढ्याच ठेवल्यात. का, ते पुढे कळेल.

खाडीच्या तोंडाशी एका खडकात पाणी मोजणारी पट्टी रोवलेली आहे. वाऱ्याने पाणी फुगलं, ठरलेल्या खुणेवर चढलं, की वाडीतला भोंगा बोंबलतो. भरतीची वेळ तिथल्या बायांना कुणी शिकवायला नको. पण वाऱ्याने ढकललेलं पाणी वेळ पाळत नाही. म्हणून भोंगा.

किनाऱ्यावरच्या सगळ्या वाड्यांचे भोंगे अलिबागकडच्या एका ऑफिसातून चालतात. कुठला भोंगा कुठल्या खुणेला वाजवायचा हे कोडच्या एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. आधी वाडीचं नाव, मग मोकळी जागा, मग खुणेचा आकडा. एका वाडीची एक ओळ.

ती फाईल विनिताने लिहिली होती. कांदळपाड्याचीच पोर. कृष्णाबाईची एकुलती एक.

आता पुढचं जरा नीट वाचा.

भोंग्याचं मशीन जुनं. ओळ वाचताना ते घरं मोजतं, एका चिन्हाचं एक घर. अमुक घरापर्यंत नाव, त्यापुढच्या घरांत आकडा. आकडा त्याच्या घरात सापडला तर ठीक. नाही सापडला, तर त्या वाडीला भोंगाच नाही. आणि मराठी नावात हे मशीन काना वेगळा मोजतं, अनुस्वार वेगळा मोजतं. पडद्यावर मात्र अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसतो, जागा खात नाही. त्यामुळे 'नवघर' आणि 'कांदळपाडा' या दोन ओळी मशीनसाठी बरोबर लावल्या, की पडद्यावर आकड्यांचा रकाना वाकडा दिसतो. डोळ्याला सरळ लावला, की मशीनचं चुकतं.

विनिताने फाईलच्या माथ्यावरच लिहून ठेवलं होतं. 'वाकडं दिसतंय तेच बरोबर आहे. स्पेस मारून सरळ करू नका. या ओळींमागे माणसं आहेत.'

ती सुट्टी घेऊन गावी गेली.

आणि कुणीतरी ते सरळ केलं.

उधाणाची ओहोटी होती. पाणी लांब हटलेलं. विनिता आणि तिची चुलती ठमाबाई कालवं काढत काढत पार पट्टीच्या खडकापर्यंत गेल्या. वारा फिरला. पाणी वेळेच्या आधी उलटलं.

भोंगा वाजला नाही.

ठमाबाई दुसऱ्या दिवशी कांदळात अडकलेली सापडली. विनिता सापडलीच नाही. सापडली ती फक्त तिची कालवं फोडायची कोयती. खडकाच्या फटीत, उभी.

ऑफिसने आठवड्याच्या आत सांगून टाकलं, फाईलमधला बदल विनिताच्या लॉगिनवरून झालाय. म्हणजे चूक तिची. ठमाबाईचा मुलगा विनेश कृष्णाबाईच्या दारात येऊन सगळ्या वाडीसमोर बोलला, "काकी, तुझ्या शिकलेल्या पोरीनं माझी आय मारली." त्या दिवसापासून कृष्णाबाईच्या विहिरीवर कुणी फिरकलं नाही.

पोर गेली ती गेली. वर हे.

विनिताच्या जागी तेजस्वी लागली. आमची तेजस्वी चौलची. आगरी घरातली, तोंडाने फटकळ, भुताखेताला हसणारी. पहिल्याच दिवशी ऑफिसचा शिपाई जीवन तिला म्हणाला, "ताई, त्या टेबलावर नका बसू."

"का हो? काय आहे तिथे?"

"तितं... पंख्याचा वारा लागत न्हाय."

"मला घाम येत नाही," म्हणून ती हसत बसली.

कीबोर्डवर धूळ होती. पोर गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. प्रत्येक बटणावर धुळीचा थर.

फक्त स्पेसचं लांब बटण स्वच्छ होतं.

स्वच्छ... आणि ओलं.

तिने बोटाने पुसलं. नकळत ओठाला लावलं. खारट.

ऑफिसच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. या साहेबांचंही नाव लिहीत नाही. गोड बोलणारा माणूस. "मॅडम, सोपं काम आहे. चौकशी यायच्या आत ती फाईल दुरुस्त करा आणि चूक कशी झाली ते एका पानात लिहून द्या. विनिताच्या लॉगिनवरून झालं, एवढं आलं की बास."

"सर, पण त्या दिवशी ती सुट्टीवर होती ना?"

"मग गावातून केलं असेल! आजकाल सगळं घरूनच होतं की, मॅडम." साहेब हसले. "तुमची नोकरी अजून पक्की व्हायचीय ना? छान छान लिहा."

तेजस्वीने फाईल उघडली. माथ्यावरची ती सूचना पुसलेली होती. सगळ्या ओळी डोळ्याला कशा शिस्तीत उभ्या, शाळेच्या कवायतीसारख्या. मशीनच्या दृष्टीने मात्र काना-मात्रा जास्त असलेल्या वाड्यांचे आकडे उजवीकडे सरकलेले. कांदळपाड्याचा तर आपल्या घरातून पार बाहेर. तिने एकेक ओळ मोजून जागेवर आणली. रकाना पुन्हा वाकडा दिसायला लागला. बरोबर झाला.

दुपारची जेवणाची सुट्टी. सगळे बाहेर. खोलीत ती एकटी.

टक...

तिने वर पाहिलं.

टक... टक...

पडद्यावर काहीतरी हललं. कांदळपाड्याच्या ओळीतला आकडा एक घर उजवीकडे गेला. मग अजून एक.

तिने तो मागे आणला. बटण अडकलं असेल.

टक... टक... टक...

आकडा परत उजवीकडे. दुसरी एकही ओळ हलत नव्हती. फक्त तीच.

तेजस्वी वैतागली. कीबोर्डची वायर कॉम्प्युटरमधून ओढून काढली. कीबोर्ड हातात उचलून धरला. वायर खाली लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती.

आणि तिच्या हातात... स्पेसचं बटण आपोआप खाली गेलं.

टक.

पडद्यावरचा आकडा सरकला.

तिने कीबोर्ड टाकला आणि जिन्यापर्यंत पळत गेली. जिन्यात जीवन डबा घेऊन बसला होता. तिचं तोंड बघून त्याने झाकण लावलं.

"टकटक वाजलं?" तो म्हणाला.

"तुम्हाला माहितीये?"

"ताई, मला काय माहीत न्हाय."

"जीवनदादा, खरं सांगा. नाहीतर त्या टेबलावर तुम्हाला बसवीन."

त्याने डबा बाजूला सरकवला. मग हळू आवाजात बोलला. "पडद्यावर दाखवायचं व्हतं. मोठे पाव्हणे येनार व्हते. साहेब बोलले, हे असं पडलेल्या दातांवानी काय दिसतंय? विनिताताई रजेवर. तिचा कंप्युटर चालूच ऱ्हायलेला. साहेब सोता बसले तिच्या खुर्चीत. मी चहा घेऊन उभा. अंगठ्यानं स्पेस मारत बसले... टक, टक, टक. वरची सूचना वाचली बी त्यांनी. हसले. बोलले, बाई लय शानी हाय. आनि पुसली."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मला पोरं हायत, ताई."

त्या रविवारी तेजस्वी कांदळपाड्याला गेली.

कृष्णाबाई ओट्यावर बसून सुकट निवडत होती. ऑफिसचं नाव ऐकताच तिने सूप बाजूला ठेवलं. "आता काय ऱ्हायलंय न्यायचं?"

"काही न्यायला नाही आले, मावशी. विचारायला आले. विनिता ती फाईल सरळ करायची का कधी?"

म्हातारी खिन्न हसली. "सरल? माझी पोर मना भिंतीवर कोळशानं काढून दाखवायची. बोलायची, आये, वाकडं दिसतं तेच नीट हाय बघ. मना काय कळायचं नाय. पन ती मेली तरी सरल नाय करनार, बाय."

तेवढ्यात खाडीकडून आवाज आला.

टक... टक... टक...

कोयतीने कालवं फोडतात तसा. ओहोटी लागली होती. खडक उघडे पडले होते. तेजस्वीने वाकून पाहिलं. खडकांवर चिटपाखरू नव्हतं.

"कोण काढतंय कालवं?"

"कोन नाय," कृष्णाबाई शांतपणे म्हणाली. "बाया जायाच्या बंद झाल्यात. ती वाजवतं. रोज. तिला झोप नाय, बाय. तिला तो मानूस पायजे."

"कोण माणूस?"

म्हातारीने सूप परत मांडीवर घेतलं. "ते तिला म्हाईत. मना नाय सांगत."

तेजस्वी घरी आली आणि तिने एक पान लिहिलं. साहेबांना हवं होतं ते नाही. जीवनने सांगितलं ते. पण द्यायची हिंमत होईना. पान पिशवीतच राहिलं.

मग अमावस्या आली, आणि तुम्ही आलात, चौकशीचे साहेब.

आठवतंय ना? गाड्या, बाटलीतलं पाणी, तुमच्यासाठी खुर्ची. सकाळी सगळ्यांसमोर भोंगा वाजवून पाहिला. खणखणीत वाजला. तेजस्वी देवळाच्या सावलीत लॅपटॉपवर ती फाईल उघडून बसली होती. कांदळपाड्याची ओळ जागेवर होती. तिने पुन्हा पुन्हा मोजली होती.

ऑफिसच्या साहेबांना सिद्ध करायचं होतं की पट्टी चांगली आहे, मशीन चांगलं आहे, खोट फक्त त्या पोरीच्या फाईलमध्ये होती. ओहोटी लांब गेलेली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते एकटेच खडकांवरून पट्टीकडे निघाले. विनेश होडीजवळ जाळं सोडवत बसला होता, तो ओरडला, "साहेब, वारा फिरतोय, नका जाऊ!"

साहेबांनी हात हलवला. "अरे, भोंगा आहे ना!"

हे वाक्य तुम्हीही ऐकलंत. हसलातसुद्धा.

साहेब पट्टीपाशी पोचले. वाकले. आणि तसेच थांबले. मान एका बाजूला, कुणी हाक मारावी तशी.

"कोण टाईप करतंय?" त्यांनी तिथून विचारलं.

कुणीच टाईप करत नव्हतं.

तेजस्वीचे हात मांडीवर होते. तिने खाली पाहिलं.

लॅपटॉपचं स्पेसचं बटण... खाली जात होतं. वर येत होतं. खाली जात होतं.

टक... टक... टक...

कांदळपाड्याचा आकडा आपल्या घरातून बाहेर पडला.

आणि खाडीच्या तोंडाशी पाणी उलटलं.

तसं पाणी तुम्ही आधी पाहिलं नसेल. लाट नाही, फेस नाही. नुसतं वर येतं, घर भरावं तसं. साहेबांच्या पोटऱ्या बुडाल्या. मग गुडघे. खूण पाण्याखाली गेली.

भोंगा गप्प.

तेजस्वी ओळ मागे घ्यायला लागली. ती मागे घ्यायची, आकडा पुढे जायचा. ती दोन घरं मागे, तो तीन घरं पुढे. बटणाच्या कडेने पाणी झिरपायला लागलं. तिची बोटं खारट पाण्यात घसरायला लागली.

"विनिता," ती दात आवळून म्हणाली, "विनिता, बास. माणूस मरतोय."

क्षणभर आवाज थांबला.

मग सुरू झाला... आधीपेक्षा जलद. टकटकटकटक. रागाने बोटं आपटावीत तसा.

तेव्हा तेजस्वीला कळलं. ही ओळ तिच्याने मागे येणार नव्हती. ती उठली, धावत पाण्याच्या काठाला गेली आणि जीव खाऊन ओरडली, "सर! सांगा! तुम्ही काय केलंत ते सांगा तिला!"

साहेब छातीइतक्या पाण्यात. पट्टीला दोन्ही हातांनी मिठी. तोंड पांढरं. ते किनाऱ्यावरच्या कुणाकडे बघत नव्हते. शेजारच्या खडकाकडे बघत होते. तिथे कुणी नव्हतं.

"मी केलं!" ते ओरडले. "मी सरळ केलं! तिने लिहून ठेवलं होतं, मी पुसलं! विनिता, मी केलं! सोड!"

पाणी हनुवटीला लागलं होतं.

आवाज थांबला.

आणि भोंगा वाजला.

तो भोंगा कधी नव्हे इतका वेळ वाजला, वीज बंद केली तरी वाजत राहिला. विनेशने होडी पाण्यात ढकलली आणि ज्या माणसाने त्याची आई मारली त्याला केसाला धरून वर ओढलं. त्याला तिथेच परत सोडता आलं असतं. त्याने सोडलं नाही. किनाऱ्यावर आणून टाकलं आणि तडक कृष्णाबाईच्या ओट्यावर गेला. तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. "काकी, माझी जीभ झडली असती तर बरं व्हतं." म्हातारीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तेजस्वीने पिशवीतलं पान काढून तुमच्या हातात दिलं. तुम्ही घेतलंत. घडी करून खिशात घातलंत.

दोन दिवसांनी साहेब सुकले आणि बोलायला लागले. "बुडणारा माणूस काय वाट्टेल ते बोलतो हो."

आणि तुम्ही मान डोलावलीत.

तेजस्वीने नोकरी सोडली. ती आता चौलला घरी असते, काम शोधते. पण पुढचं ऐका. हे जीवनने येऊन सांगितलं.

त्या दिवसानंतर साहेबांचा उजवा अंगठा थांबेना. जेवताना ताटाच्या काठावर, गाडीत काचेवर, झोपेत बायकोच्या पाठीवर. टक... टक... टक. आणि अंगठ्याची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली, दिवस दिवस पाण्यात भिजल्यासारखी. डॉक्टरांनी मलम दिलं. बांधून ठेवला तर पट्टीच्या आत हलायचा.

मग एक दिवस अंगठा थांबला. कातडी सुकली. साहेब शीळ घालत ऑफिसला आले आणि जीवनला म्हणाले, चहा आण.

तो दिवस कुठला, ते मी शोधून काढलं.

त्याच दिवशी तुम्ही अहवालावर सही केलीत. कारण म्हणून विनिताचं नाव. तेजस्वीचं पान कुठेच जोडलेलं नाही.

मी हे कृष्णाबाईला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. तिने खाडीकडे पाहिलं. पूर्ण ओहोटी होती, खडक उघडे होते... आणि कसलाच आवाज नव्हता. ती पोर गेल्यापासून पहिल्यांदा.

"त्याला सोडलान तिनं," म्हातारी म्हणाली. "त्याच्याहून मोठा घावला."

तेव्हापासून मला नीट झोप नाही. कारण ती तिथे नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकून आलोय. ऑफिसात नाही. साहेबांकडे नाही. मग ती गेलीय कुणाकडे?

चौकशीचे साहेब, तुमचा उजवा अंगठा कसा आहे?

उत्तर द्या.